बादलीतला बटाटा आणि मृगाचा पाऊस

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बेळगावच्या अनगोळ भागातल्या एका भगिनीने लिहिलं आहे. त्यांच्या सासऱ्यांनी तालुक्यातल्या आपल्या गावी जन्मभर बटाटा आणि रताळी पिकवली. चार वर्षांपूर्वी शेत विकून शहरात घर बांधलं आणि सासरे, म्हणजे मामंजी, यांच्याकडे राहायला आले. घरामागे दहा बाय बारा फुटांचं परडं आहे. मामंजींना बरं वाटेल म्हणून या ताईंनी बादल्यांत बटाटा लावायला घेतला. पहिल्या वर्षी मामंजी लावायचे तसाच मृगावर, जूनमध्ये लावला. जुलैत पानं काळी पडली आणि खाली बटाट्याचा चिखल झाला. दुसऱ्यांदा मार्चमध्ये लावला. पाला कमरेइतका वाढला, पण बादली उलटी केल्यावर हाती आले वाटाण्याएवढे सात-आठ गोळे. मामंजी म्हणाले, "बटाटा शेतात येतोय, डब्यात नव्हे," आणि त्यानंतर परड्यात फिरकले नाहीत. नवरा म्हणतो, बाजारात किलोने मिळतो, कशाला खटाटोप? मोबाईलवर मात्र एका बादलीतून दहा किलो काढून दाखवतात. ताई विचारतात : माझा हातगुणच वाईट आहे का? अडीच हजारांचा पिशव्या-मातीचा तयार संच मागवू, की हा नाद सोडून देऊ?

ताई,

हातगुणाचा विषय आधी संपवून टाकू या. कमरेइतका पाला वाढवणाऱ्या बाईच्या हाताला दोष कसा द्यायचा? तुम्ही रोप जगवलंत, वाढवलंत. चुकला तो महिना, आणि पहिल्या वेळचा तर तुम्ही मनाने काढलेलाही नव्हता. घरातल्या जाणत्या माणसाचा पाहून घेतलेला होता. म्हणून आधी त्या महिन्याबद्दलच बोलते. दोन्ही वेळचं अपयश तिथंच आहे, आणि मामंजींच्या बोलण्याचा अर्थही मला तिथंच सापडतो.

कडोलीपासून खानापूर, चंदगडपर्यंतच्या आपल्या तांबड्या मातीत मृगाच्या पावसावर बटाटा लावतात आणि गणपती-दसऱ्याच्या सुमाराला काढतात. हे खरं आहे. पण ती माती कशी असते ते आठवा. उताराची, निचऱ्याची, वर सरी-वरंबा पाडलेला. पाऊस कितीही झोडपो, पाणी सरीतून वाहून जातं किंवा खोल मुरतं. वरंब्याच्या पोटातला बटाटा ओला होतो, पण बुडत नाही. बादलीत मुरायला खोली कुठे आहे?

घरात एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी सुटेल. म्हणजे आडवा असताना ते आतच अडकून बसलेलं होतं. मातीचंही असंच असतं. भांडं जितकं उथळ, तितका त्यातला चिंब थर बटाट्याच्या जवळ येतो. भोकं पाडलेली असली तरी तळाचे दोन-तीन इंच ओलेगच्च राहतातच. निचऱ्यासाठी तळाला खडी घालतात, तीही कामाची नाही. चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. जुलैच्या आपल्या पावसात उघड्यावरच्या बादलीत बटाटा कुजला नसता तर मला नवल वाटलं असतं.

पानं काळी पडली तो करपा. थंड, दमट हवा आणि दिवसेंदिवस ओली राहणारी पानं त्याला हवीच असतात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्या रोगाने बटाटा नासला आणि दुष्काळ पडला, तोच हा. शेतकरी त्याच्यावर वेळेत फवारणी करतो. मामंजींनीही पाठीवर पंप घेऊन ती केली असणार. आपण फक्त लावणीचा महिना उचलतो आणि त्यामागची ही सगळी राबणूक मागेच राहते. म्हणून "बटाटा शेतात येतोय" हे मामंजींचं वाक्य मला टोमणा वाटत नाही. जूनपुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे.

आता मार्च. बटाटा हे मूळ नाही, ते जमिनीखालचं खोड आहे. जमिनीखाली पांढऱ्या फांद्या आडव्या सुटतात आणि त्यांचं टोक फुगून बटाटा होतो. हे फुगणं केव्हा सुरू करायचं ते झाड रात्रीच्या गारव्यावरून आणि दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. रात्री वीस अंशांच्या खाली हव्यात आणि दिवस लहान हवा. उन्हाळ्यात दोन्ही उलटं होतं. त्यातून काळी प्लॅस्टिकची बादली उन्हात ठेवली तर आतली माती हवेपेक्षाही जास्त तापते. अशा वेळी झाड सगळी शक्ती पाल्यात घालतं आणि खाली वाटाणे राहतात. युरिया किंवा भरपूर शेणखत दिलं असेल तर पाला आणखीच माजतो.

दोन्ही दारं बंद झाल्यावर उरतो तो आपला हिवाळा, आणि बेळगावच्या हिवाळ्यासारखी देणगी कुंडीत बटाटा लावणाऱ्याला क्वचित मिळते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पंधरा अंशांच्या आसपास, दिवसा लख्ख ऊन, पाऊस नाही, दिवस लहान. परतीचा पाऊस पूर्ण थांबला की, म्हणजे साधारण दिवाळीच्या मागेपुढे, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात काढायला येईल. निपाणी, चिकोडीकडच्या वाचकांनाही हाच काळ चालेल. तिकडे दुपारचं ऊन जरा कडक असतं, तेव्हा बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

पण या हंगामात एक अडचण आहे, आणि अनेकजण तिथंच फसतात. दसरा-दिवाळीच्या वेळी बाजारात आपल्या भागातला नवा बटाटा आलेला असतो. ताजा, जवारी, बघूनच घ्यावासा वाटतो. तो भाजीला घ्या, बेण्याला, म्हणजे लावायला, घेऊ नका. जमिनीतून काढल्यावर बटाटा दोन-अडीच महिने झोपतो. तो लावलात तर नोव्हेंबर उलटला तरी मातीवर काही दिसणार नाही आणि तुम्ही पुन्हा हाताला दोष द्याल. भाजीवाल्या मावशींकडे जुना बटाटा मागा, शीतगृहातून आलेला. ओळखायला सोपं आहे. नव्याची साल अंगठ्याने घासली की सुटते. जुन्याची घट्ट असते आणि डोळे किंचित वर आलेले असतात.

कोंबडीच्या अंड्याएवढे बटाटे निवडा, साधारण चाळीस-पन्नास ग्रॅमचे. ते अख्खेच लावायचे. मोठाच मिळाला तर प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे येतील असा कापा, कापलेल्या बाजूला चुलीची राख लावा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या. राख एवढ्यापुरतीच. मातीत ओंजळीने राख मिसळायची सवय आपल्याकडे आहे, पण त्याने मातीचा आंबटपणा जातो आणि बटाट्याच्या सालीवर खरखरीत खवले धरतात. एक बटाटा मुद्दाम आडवा कापून दाबून बघा. आत तपकिरी कडं दिसलं आणि त्यातून दुधासारखं काही पाझरलं तर तो सगळा लॉट बेण्याला नको. तो मर रोग आहे. एकदा मातीत शिरला की टोमॅटो, वांगी, मिरची, सगळ्यांनाच नडतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेलं टोक वर करून, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. तीनेक आठवड्यांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे मोड येतील. ओट्याखालच्या अंधारात येतात ते लांब पांढरे मोड लावताना मोडतात.

जातीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगावंसं वाटतं. भारतातल्या बहुतेक सुधारित जातींच्या नावाआधी 'कुफरी' असतं, ते सिमल्याजवळच्या गावावरून. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या या जाती. ज्योती १९६८ सालची, उष्णता सोसणारी सूर्या २००६ची. आणि १९७२ साली आपल्या पठारी भागासाठी जी लवकर तयार होणारी जात काढली, तिचं नावच 'कुफरी लवकर'. सिमल्याच्या बटाट्याला आपल्या भाषेतलं नाव मिळालं याचा मला फार आनंद होतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे नावानिशी जुनं बेणं मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर बाजारचा निरोगी बटाटा चालेल. चार बादल्यांसाठी पंजाबहून काही मागवायला नको.

तो अडीच हजारांचा संचही नको. रंगाची अठरा-वीस लिटरची रिकामी बादली किंवा तांदळाचं जुनं पोतं पुरे. उंची फूटभर तरी हवी. बादलीला तळाशी आठ-दहा भोकं पाडा, आणि त्याहून महत्त्वाचं, तळापासून इंचभर वर चारी बाजूंनीही पाडा. खाली दोन विटा ठेवून बादली जमिनीपासून उचला. दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस. तूस आपल्याकडे कुठल्याही गिरणीवर मिळतं आणि माती भुसभुशीत ठेवतं. शेणखत कच्चं नको. कच्च्या शेणातून हुमणीची अळी येते, आणि हुमणीने पोखरलेला बटाटा सोलताना रडू येतं. मूठभर निंबोळी पेंड घाला. टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावलेली जुनी माती वापरू नका, ती एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

चार इंच माती, वर एक बटाटा मोड वर करून, त्यावर तीन इंच माती. एका बादलीत एक, फार तर दोन. मोकळी जागा बघून हात शिवशिवतो, तरी तिसरा लावू नका. मागच्या हिवाळ्यात मी एका पोत्यात चार लावले होते. निघाले भरपूर, पण एकही लिंबाहून मोठा नव्हता. रोप वीतभर झालं की शेंडा तीन बोटं उघडा राहील इतकी मातीची भर द्या. बादली भरेपर्यंत असं दोनदा करावं लागेल.

दहा किलोचं गुपित सांगतात ते या भरीवरच उभं आहे. माती जितकी वर चढवाल तितके बटाट्याचे मजले लागत जातील, असं दाखवतात. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जातींमध्ये तसं होत नाही. बटाटे लागतात ते बेण्याच्या जवळपास, थोडे वर, एका टप्प्यात. भर द्यायची ती उघडे पडलेले बटाटे झाकण्यासाठी. ऊन लागलं की बटाटा हिरवा होतो आणि त्यात सोलानिन तयार होतं. ते पोटाला बाधतं, शिजवून जात नाही. असे हिरवे बटाटे फेकूनच द्यायचे. उघड्या बटाट्यावर पाकोळीही अंडी घालते आणि अळी आत शिरते. वीस लिटरच्या बादलीतून अर्धा ते एक किलो मिळाला की पीक चांगलं आलं असं मी मानते. दहा किलोशी तुलना कराल तर चांगलं पीक हातात असून खट्टू व्हाल.

ऊन रोज सहा तास हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे जूनमध्ये लख्ख उन्हात असलेला परड्यातला कोपरा डिसेंबरात घराच्या सावलीत जाऊ शकतो. बादल्या ठेवण्याआधी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला ऊन कुठं पडतं ते बघून घ्या. गच्चीवर ठेवणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावं की ओली बादली पंचवीस किलोच्या घरात जाते. भिंतीलगत, तुळईच्या वर ठेवावी.

पाणी बोट खुपसून ठरवा. दोन इंच खाली कोरडं लागलं तरच द्या, पण दिलं की तळातून बाहेर येईपर्यंत. एक आठवडा कोरडं आणि मग एकदम पूर, असं झालं की बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात. नळाला रोज पाणी येत नसेल तर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी साठवून वापरा. मावा दिसला तर पानांची खालची बाजू साध्या पाण्याने धुऊन काढा. एवढ्या लहान बागेत त्याहून जास्त काही लागत नाही. फुलांनंतर टोमॅटोसारखी हिरवी फळं धरली तर ती विषारी असतात, लहान मुलं असल्यास खुडून टाका. पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी बंद करा आणि आठ-दहा दिवस थांबा. तेवढ्यात साल पक्की होते.

आता तुमच्या घराबद्दल. नवऱ्याशी पैशावरून वाद घालू नका, कारण पैशात त्यांचंच बरोबर आहे. चार बादल्यांतून तीन किलो निघाला आणि तीस रुपये किलो धरला तर नव्वद रुपये झाले. बटाटा स्वस्त पडावा म्हणून तुम्ही हे करतच नव्हता, मग त्या हिशेबात शिरायचं कशाला? तुम्ही पत्रात लिहिलंय, "मामंजींना बरं वाटावं म्हणून." याच वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

त्यांना बरं वाटेल हे तुम्ही ठरवलंत, ताई. त्यांना विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. ज्यांनी एकरांनी बटाटा काढला आणि ज्यांच्या शेताचे पैसे याच घराच्या भिंतींत गेले, त्यांना परड्यातल्या चार बादल्या बघून काय वाटत असेल, हे तुम्हाला-मला बाहेरून कळायचं नाही. कदाचित आनंद. कदाचित त्यांना त्यात गेलेलं शेत दिसत असेल. आणि त्या बादल्यांतही बटाटा डोळ्यांदेखत दोनदा फसला, तेव्हा त्यांनी पाठ फिरवली असेल ती तुमच्याकडे नव्हे. मी चुकतही असेन. पण "मामंजी माझ्या कामाला नावं ठेवतात" एवढाच अर्थ काढून थांबू नका.

हे लगेच बोलून मोकळं करायचं, असंही मी म्हणणार नाही. पुरुषमाणूस, त्यातून त्या पिढीतला, शेत विकल्याचं दुःख सुनेसमोर काढेल असं नाही. बटाट्यावर मात्र बोलेल. तुम्हाला खरंच कोड्यात टाकणारं काही विचारा. "मामंजी, एवढ्या पावसात तुमच्या शेतातला बटाटा का कुजत नव्हता?" हा प्रश्न खुशामतीचा नाही, तुमच्या अपयशाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. ते सऱ्यांबद्दल, उताराबद्दल, फवारणीबद्दल सांगतील, आणि ते माझ्या या पत्रापेक्षा नेमकं असेल. बोलले नाहीत तर राहू द्या. बादल्या त्यांच्या नावाने लावू नका, स्वतःसाठी लावा. तुम्हाला दोनदा हरूनही तिसऱ्यांदा लावावंसं वाटतंय, म्हणजे ही हौस तुमचीही आहे. आणि नुसती हौस म्हणूनही ती पुरेशी आहे.

भर द्यायच्या वेळी खुरपं मामंजींच्या खाटेजवळ राहिलं तर राहू द्या. मुद्दाम हातात देऊ नका.

नाद सोडण्याबद्दल विचारलंत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बटाट्याचा नाद जरूर सोडा, त्यात कमीपणा नाही. पण फेब्रुवारीत रिकाम्या झालेल्या बादल्या तशाच ठेवू नका. माती ताडपत्रीवर पसरून उन्हाळाभर तापू द्या, आणि जूनमध्ये त्यात रताळ्याचे वेल लावा. रताळं बटाट्याच्या घराण्यातलं नाही, त्यामुळे मातीलाही पालट मिळतो. खरं तर 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला, आणि मुळात तो रताळ्याचाच होता, बटाट्याला नंतर चिकटला. कडेच्या भोकांतून पाणी निघून जात असेल तर रताळं आपला पाऊस बटाट्यापेक्षा बरा सोसतं. पावसात पाला वाढेल, पाऊस ओसरला की खाली कंद भरतील, आणि दिवाळीच्या मागेपुढे, म्हणजे बटाट्याच्या लावणीलाच, बादल्या मोकळ्या होतील.

आणि मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, घरात मातीचा वास आला की मामंजींना विचारा, वेलाची कांडी केवढी तोडू आणि किती डोळे मातीत घालू? हे त्यांनी हजारदा केलेलं आहे, आणि या वेळी महिनाही त्यांचाच आहे.